चौथं बोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं उभी राहते तेव्हाही नाही — तिथं मी गुडघ्यांबद्दल बोलते, मुलाच्या नोकरीबद्दल बोलते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्हाला मला मधेच थांबवून "अगं, जाऊ दे, होतं असं" म्हणता येणार नाही म्हणून. ते मला ऐकायचं नाहीये.

एक आधीच सांगून ठेवते — मी गोष्टी चांगल्या सांगते. ही बढाई नाही. तुम्ही सावध राहावं म्हणून सांगते.

मी पियानो शिकवते. संभाजीनगरात सिडकोतल्या घरी, पुढच्या खोलीत. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, "म्हणजे कॅसिओ ना?" पूर्वी मी चिडायचे. आता चिडत नाही — खोटं कशाला बोलू, अजूनही चिडते. माझा पियानो खरा आहे. उभा, काळा, जड; चार माणसांनाही दारातून आत घेता येईना, शेवटी चौकट काढावी लागली होती. छावणीत राहणाऱ्या माझ्या गुरू, त्यांना आम्ही सगळ्या मिस म्हणायचो, त्यांचा तो. त्या गेल्यावर माझ्याकडे आला. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचं लाकूड सुकतं आणि तारा उतरतात. मग मी त्याच्या पोटात पाण्याचं भांडं ठेवते, एवढी त्याची बडदास्त.

शिकवताना माझा जीव एकाच काळात रमतो. एकोणिसावं शतक. रोमँटिक काळ म्हणतात त्याला. हा शब्द ऐकला की मुलांना बाग आणि गुलाब आठवतो, म्हणून पहिल्या दिवशी मला आधी तो गुलाब पुसून काढावा लागतो. मी सांगायचे — त्याआधी संगीत राजाच्या दिवाणखान्यासाठी लिहिलं जायचं, चर्चसाठी लिहिलं जायचं, सगळं कसं इस्त्री केलेलं. मग ही पोरं आली. वीस-बावीस वर्षांची. त्यांनी स्वतःबद्दल लिहायला घेतलं. भीती, सुटलेलं घर, न मिळालेली मुलगी, संध्याकाळची हुरहुर. दोन-दोन मिनिटांचे तुकडे, पण ऐकणाऱ्याला वाटावं की आपलीच डायरी कुणीतरी चोरून वाचली. त्याच सुमाराला पियानोच्या पोटात लोखंडी चौकट आली. तारा जास्त ताणता येऊ लागल्या, आवाज मोठा झाला, सभागृहं मोठी झाली. वाजवणारा माणूस स्टेजवर एकटा बसू लागला आणि लोक त्याला ऐकायला कमी, बघायला जास्त येऊ लागले. मग काय, प्रत्येकाला तसंच व्हायचं होतं. त्यासाठी हाताचं प्रत्येक बोट सारखं बळकट हवं. बोटं मजबूत करायची यंत्रं विकायला निघाली त्या काळी — पट्ट्या, कड्या, स्प्रिंगा. एका जुन्या पुस्तकात मी त्यांची चित्रं पाहिली आहेत. अंगावर काटा यायचा, तरी मी ते पान परत परत उघडायचे.

त्या संगीतकारांची नावं मी इथं घेणार नाही. वर्गात इतक्या ऐटीत घेतली आहेत की आता ती माझ्या तोंडी शोभत नाहीत.

तर बोटं. पियानोत अंगठा एक आणि करंगळी पाच. चौथं म्हणजे करंगळीच्या शेजारचं, अंगठीचं बोट. एक करून बघा — हात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून दाबून धरा आणि हे चौथं उचलायचा प्रयत्न करा. नाही ना उचलत? माझंही नाही उचलत. जगात बहुतेकांचं नाही उचलत. ते बोट तसंच असतं. त्या वीस वर्षांच्या पोरांना मात्र हे मान्य नव्हतं.

सारिका माझ्याकडे आली तेव्हा तीही वीस वर्षांचीच होती.

पैठण रस्त्यावरच्या चितेगावची. घरचे धनगर. वडिलांकडे कधीकाळी मोठा कळप होता, मग चराईची रानं कंपन्यांच्या कंपाउंडात गेली आणि वडील कंपनीत माल चढवायला लागले. पाच-सात मेंढ्या तेवढ्या दारात उरल्या. वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून मीही नाना म्हणू लागले. सारिकाचा मामा लग्नांत वाजवणारी बँजो पार्टी चालवायचा. त्या पार्टीत ती कीबोर्ड वाजवायची, हळदीपासून वरातीपर्यंत. कुणी शिकवलं नव्हतं. एकदा ऐकलं की बोटांत यायचं. कुणीतरी तिला मोबाईलवर पियानोचा एक तुकडा ऐकवला आणि ही पोरगी बस बदलत, विचारत विचारत माझ्या दारात आली. म्हणाली, "मॅडम, ह्यो आवाज खरा कसा येतो ते बघायचं व्हतं."

बसवली मी तिला. चार वर्षांचं शिक्षण तिनं दीड वर्षात संपवलं. स्वरलेखन वाचायला शिकली, बोटं गोल ठेवायला शिकली, पाय पेडलवर आला. आठवड्यातून तीनदा दुपारी चारला यायची, घामाघूम, आणि आधी नळाखाली हात धुवायची. शहराबाहेरच्या एका इंग्रजी शाळेत संगीत शिकवायची जागा होती. मी शब्द टाकला होता. तिनं पुण्याची मोठी परीक्षा चांगल्या श्रेणीत पास केली की जागा तिचीच, असं ठरलं होतं. नाहीतर शेंद्र्याला कंपनीत लाईनवर उभं राहायचं, जसं तिच्या बहिणी राहतात. तिच्यापुढं हे दोनच रस्ते होते आणि मला ते चांगलं ठाऊक होतं.

आता इथून पुढं माझी गाडी अडखळते.

परीक्षेला जो तुकडा होता तो माझ्या जन्मभराच्या सोबतीचा आहे. संध्याकाळचा, संथ. डावा हात एका लयीत चालत राहतो आणि उजव्या हातातली चाल मागं रेंगाळते, मग हळूच येऊन गाठते. हे रेंगाळणं त्या काळाचा जीव आहे. कागदावर ते लिहिता येत नाही. मी तीस वर्षं ते वाजवत होते आणि मिस जाईपर्यंत म्हणत राहिल्या, "तू मोजतेस, बाळा." मी मोजत होते. मला दुसरं काही येतच नव्हतं.

त्या दुपारी सारिकानं तो पहिल्यांदा पूर्ण वाजवला. मी खिडकीपाशी उभी होते. चौथ्या-पाचव्या ओळीला मी पडद्याची कड घट्ट धरली. ती रेंगाळत होती. चाल मागं राहायची, आता सुटली असं वाटायचं आणि नेमकी वेळेवर परत यायची. मी विचारलं, हे कुठून आलं? ती हसली. म्हणाली, "नाना ओवी म्हणतेत ना मॅडम, ढोलाच्या मागं राहून. ढोल काय थांबत नाय. ह्यो डावा हात म्हंजे ढोल, ह्यो उजवा म्हंजे नाना." तीस वर्षं. आणि हिला ते अंगणात बसून आलेलं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? गुरूला होतो म्हणतात. मला हेवा वाटला. हे लिहिलं एकदाचं. पण हा कबुलीजबाब हेव्याचा नाही. हेवा सगळ्यांनाच वाटतो.

ती स्वतःवर खूश नव्हती, ही गंमत बघा. शेवटच्या पानावर एक लांब थरथरता स्वर होता, तिसऱ्या-चौथ्या बोटांनी आलटून पालटून वाजवायचा. तिचं चौथं बोट तिथं दमायचं. परीक्षकाला ते कळलंही नसतं. मी बोटांची अदलाबदल करून दिली असती तर दोन मिनिटांत प्रश्न संपला असता. आजही मी बाकीच्या मुलांना तसंच करून देते. त्या दिवशी मी तसं केलं नाही. मी गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी. त्या पोरांमधला एक, कायदा शिकायला पाठवलेला, पियानोसाठी सगळं सोडून आलेला. त्याला जगातला सगळ्यात मोठा वादक व्हायचं होतं आणि हाताचं एक बोट काही ऐकत नव्हतं. मग त्यानं स्वतः एक जुगाड केला. बोट दोरीनं वर टांगून ठेवायचं आणि खाली बाकीची बोटं वाजवत राहायची. रोज, तासन्‌तास. मी हातानं करून दाखवलं, दोरी कुठून कशी जाते ते. वर्णन करायला मला आवडतं, सांगितलं ना. सारिका तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मंग पुढं काय झालं त्याचं?"

मी म्हणाले, "पुढं तो फार मोठा माणूस झाला."

खोटं नाही हे. शब्द न् शब्द खरा आहे, कुठलंही पुस्तक उघडून बघा. तो मोठा झालाच. पण कसा झाला? त्याचा हात कायमचा गेला. लोकांपुढं बसून तो पुन्हा कधी वाजवू शकला नाही. वाजवता येईना म्हणून तो लिहीत राहिला आणि त्यानं लिहिलेलं त्याची बायको देशोदेशी वाजवत फिरली, टाळ्या घेत, आणि हा ऐकत बसला. शेवटची वर्षं त्यानं वेड्यांच्या इस्पितळात काढली. हात त्या दोरीनं गेला नाही, आजारानं गेला असंही काही लोक लिहितात. कुठलं बोट होतं यावरही पुस्तकं भांडतात. भांडू देत. मला जी गोष्ट माहीत होती तिला शेवट होता आणि तो मी सांगितला नाही.

विसरले असेन? वेळ नसेल, पुढचा विद्यार्थी आला असेल? ही दोन्ही कारणं मी स्वतःला कित्येक वर्षं दिली. पण मी विसरणं शक्य नव्हतं. सतरा वर्षांची असताना मी स्वतः हेच केलं होतं. केसांची लाल रिबन बोटाला बांधून खिडकीच्या गजाला टांगली होती, चार दिवस. पाचव्या दिवशी मिसना बोटावरचा वळ दिसला. त्यांनी माझं मनगट धरलं, मला ही गोष्ट शेवटापर्यंत सांगितली आणि माझ्याकडून ती रिबन आणवून, कात्रीनं तुकडे तुकडे करून केराच्या टोपलीत टाकली. मला कुणीतरी वेळेवर शेवट सांगितला होता. कळतंय ना, मी काय म्हणतेय ते?

सारिकानं तसं करावं असं मला वाटत होतं का? हो म्हणायला धजत नाही. नाही म्हणायला तोंड नाही.

तीन आठवड्यांनी वळ दिसला. चौथ्या बोटाच्या मुळाशी, अंगठीसारखा गोल, जांभळट. हात धुवून आली होती तरी त्या वळात लोकरीचा एक काळा तंतू अडकलेला होता. मेंढ्यांचा वास येत होता थोडा. मी बघितलं. तिनं मी बघतेय हे बघितलं आणि शाळकरी मुलीसारखी लाजली, काहीतरी छान करून आणल्यासारखी. माझ्याही टेबलावर कात्री होती. स्वरलेखनाच्या झेरॉक्स कापायला लागते.

मी म्हणाले, "चौथं बोट आता छान उचलतंय."

उचलत होतंच. फार उचलत होतं. दर आठवड्याला थोडं जास्त. थरथरता स्वर आता लख्ख निघायचा, पण वाजवून झाल्यावर ते बोट खाली यायचंच विसरायचं, बाकीच्या चारांवर एकटं ताठ उभं राहायचं. मग एका दुपारी उलटं झालं. पट्टीला टेकलं की ते आपोआप तळहाताकडे वळू लागलं. ती दुसऱ्या हातानं ते सरळ करायची आणि पुन्हा सुरू करायची. वाजवता वाजवता मधेच एक बारीक कट असा आवाज यायचा. पियानोतून येतोय की हातातून, हे मी वाकून पाहिलं नाही. मी त्या महिन्यात तारा जुळवणाऱ्याला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, पियानोत काहीच नाहीये, बाई.

पुण्याला मी तिच्यासोबत गेले. ती परीक्षेच्या खोलीत गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. दाराआडून ऐकू येत होतं. पहिली दोन पानं — काय सांगू तुम्हाला. नाना ढोलाच्या मागं मागं चालले होते. तिसऱ्या पानावर चाल थांबली. मग पुन्हा सुरू झाली, त्याच जागी थांबली. असं तीनदा. मग बराच वेळ नुसता डावा हात वाजत राहिला, एकटा, लयीत. मग तोही थांबला. ती बाहेर आली तेव्हा तिनं उजवा हात ओढणीत गुंडाळला होता. परतीची बस नगरला थांबली. तिनं विचारलं, "मॅडम, चहा घेता का?" मी घेतला.

पुढचे तीन महिने ती आली नाही आणि मीही फोन केला नाही. मग एका सकाळी अकराच्या सुमारास नाना आले. सारिका सोबत होती, ती दाराशीच उभी राहिली. नानांनी चपला फाटकाबाहेर काढल्या होत्या. मी खुर्ची दिली तर अगदी कडेला टेकले. पियानोकडे त्यांनी देवाच्या मूर्तीकडे बघावं तसं एकदा बघून घेतलं. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत होता. पेपरची पानं उलटल्याचा आवाज येत होता, म्हणजे त्यालाही आमचं ऐकू जात असणार.

नाना हळू बोलत होते. मला त्यांनी सगळं सांगितलं, जसं डॉक्टरला सांगतात. कोकरू जन्मताना कधी कधी पुढचा पाय वाकडा असतो. तो लहानपणीच कामट्या लावून लोकरीच्या दोरीनं बांधला की आठ-दहा दिवसांत सरळ होतो. त्यांच्या बापानं त्यांना ते शिकवलेलं. आसपासच्या पाच गावांतून लोक कोकरं त्यांच्याकडंच आणायचे, कारण त्यांची गाठ ना ढिली पडायची ना आवळायची. म्हणून पोरगी म्हणाली, बोट बांधून दे, मोठे मोठे लोक असंच करतात, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. बांधून वाकडं सरळ होतं हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. दोरी त्यांनी स्वतः कातली. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलवरून घेतली, दुसऱ्या टोकाला पाट्याचा तुटका दगड बांधला. सकाळी कामावर जाण्याआधी रोज ते स्वतः गाठ मारून द्यायचे आणि ती खाली मामाच्या कीबोर्डवर बाकीची बोटं चालवायची. दुखतंय का, विचारायचे. ती नाही म्हणायची.

सरकारी दवाखान्यात दाखवून झालं होतं. शीर दुखावली, आता फार काही होणार नाही, असं सांगितलं होतं. मग गावातल्या एका म्हातारीच्या सांगण्यावरून त्यांनी दारातली एक मेंढी कापली आणि सारिकाचा हात तिच्या गरम पोटात ठेवला, निवेपर्यंत.

हे ऐकून मी हादरले. तुम्हाला वाटेल, घाणेरडं वाटलं म्हणून. नाही. त्या संगीतकाराच्या डॉक्टरनं त्यालाही हेच सांगितलं होतं. ताज्या कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात घालून बस. मी ते वाचलं होतं. ते मी सारिकाला कधीच सांगितलं नव्हतं, कारण ते शेवटाच्या पुढं येतं. न सांगताही गोष्ट आपली पुढं चालत राहिली होती, माझ्याशिवाय, चितेगावात, पत्र्याच्या खोलीत.

मग नानांनी विचारलं. आवाज चढवला नाही, उलट आणखी खाली आणला, म्हाताऱ्या बाईला अवघड वाटू नये म्हणून आणावा तसा.

"मॅडम, येक इचारतो, राग मानू नका. बोट बांधाया तुमी सांगितलं व्हतं का पोरीला? म्हंजे, त्येची काय रीत आसंल, आन् माझ्याकडून चुकली आसंल. म्हून इचारतो."

समजलं का तुम्हाला? ते मला पकडायला आले नव्हते. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की मी रीत सांगितली होती का, आणि ती त्यांच्या हातून कुठं बिघडली. मी "हो" म्हणाले असते तरी त्यांनी स्वतःलाच बोल लावला असता, असं मी नंतर मनात म्हणून बघितलं. तीही सबब चालत नाही. "हो" म्हटलं असतं तर मला शेवटही सांगावा लागला असता, आणि मग त्यांना कळलं असतं की ही रीत कुणाच्याच हातून बरोबर होत नाही.

आतल्या खोलीत पान उलटलं.

"नाही," मी म्हणाले. "मी कशाला असं काही सांगेन?"

"नाही" पुरलं असतं. दुसरं वाक्यही मी जोडलं. त्यात थोडा राग होता, दुखावल्यासारखा. तो मला फार सहज जमला.

दाराशी सारिका होती. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेबद्दल मला काही लिहिता येत नाही, मी प्रयत्न केलाय. मग ती बापाला म्हणाली, "मी मोबाईलवर बघितलं व्हतं, नाना. मॅडमचा काय संबंध?"

नानांनी मान हलवली. त्यांना, खरंच सांगते, माझ्यासाठी बरं वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं. "व्हय, तेच म्हणलं," ते म्हणाले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत म्हणाले, "मंग गाठच आवळ पडली माझी."

मी चहा केला. त्यांनी बशीत ओतून घेतला. सारिकानं कप डाव्या हातानं धरला.

ती पुन्हा कधी आली नाही. शाळेतली जागा मी दुसऱ्या मुलीला मिळवून दिली. ती बरी वाजवते, मोजून. सारिका शेंद्र्याला कंपनीत लागली, तयार माल तपासायच्या टेबलावर. लग्न झालं. मी आहेर पाठवला, गेले नाही. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या क्लासचं नाव अजून चांगलं आहे.

नाना मात्र येतात. वर्षातून एकदा, थंडीत. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली आणि त्यांनी एकही थंडी चुकवलेली नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी एक घोंगडी आणली. लोकर दारातल्या मेंढ्यांची, सूत स्वतः कातलेलं, विणून घेतलेली. उन्हाळ्यात माझा पियानो सुकतो हे सारिकानं कधीतरी घरी सांगितलं होतं. त्याला ऊन लागू नये म्हणून पांघरायला, म्हणाले. मी ती पांघरली. तिचा वास पुढच्या खोलीत असतो. मुलं विचारतात, मॅडम, हा कसला वास? मी सांगते, लोकरीचा.

या वर्षी ते आले तेव्हा जास्त थकलेले दिसले. मी सहज विचारलं, काय नाना, मेंढ्या किती राहिल्या, लोक अजून कोकरं आणतात का बांधायला? एवढं विचारायची मला काय गरज होती, कोण जाणे. ते म्हणाले, "आणतेत की. पर मी हात लावत नाय आता. बारा वर्सं झाली, गाठ मारली नाय कशाला. मेंढी बांधायची आसली तरी शेजारच्या पोराला म्हणतो, तू बांध." मग म्हणाले, "लोक म्हणतेत, पाय वाकडाच राहील त्येचा. मी म्हणतो, राहू द्या."

ते पियानोच्या बाजूला बसले होते, घोंगडीला पाठ टेकून. आत नवरा नव्हता, बाहेर गेला होता. फाटकात कुणी नव्हतं. पुढचा विद्यार्थी यायला पाऊण तास होता. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

मी विचारलं, साखर अजून घालू का?

नाना जिवंत आहेत. हातपाय धड आहेत, कानांनी नीट ऐकू येतं. चितेगाव माझ्या घरापासून तासाभरावर आहे, पैठण रस्त्यानं बस जाते, रिक्षाही जाते. मी गेलेले नाही.